माशाच्या पोटात काय आहे?

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



इसवी सन १७७४ च्या जुलै महिन्यात कॅप्टन कुक ह्याचे जहाज पॅसिफिक महासागरातील मालेकुला नामक बेटानजीक नांगर टाकून उभे होते. हे बेट आज वानुआटू ह्या राष्ट्रात मोडते. कित्येक दिवस खारवलेल्या मांसावर काढलेल्या खलाशांना ताजे अन्न हवे होते. त्यांनी गळ टाकून काही तांबडे मासे पकडले, ते शिजविले आणि आवडीने खाल्ले. त्यानंतर खाणाऱ्यांच्या अंगाची आग होऊ लागली, हातापायांतील शक्ती गेली, सांधे दुखू लागले. ते पुरते बरे होण्यास कित्येक दिवस लागले. मासे शिळे नव्हते, त्यांना दुर्गंधी नव्हती, चवीतही काही वावगे लागले नव्हते.

ह्या दुखण्याला सिग्वाटेरा असे नाव आहे. क्यूबा बेटावरील स्पॅनिश लोक ‘सिग्वा’ नामक एका गोगलगाईमुळे असा विकार होतो असे समजत, त्यावरून हे नाव पडले. ह्याची लक्षणे विलक्षण आहेत. वांत्या व जुलाब हे तर होतातच. परंतु पुढे ओठांना व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, अंगाला खाज सुटते, आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे थंड पाण्याला हात लावला असता चटका बसल्याचा भास होतो. मृत्यू क्वचितच येतो. परंतु मुंग्या आणि अशक्तपणा आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने रेंगाळतात. मासा कितीही शिजविला, खारविला वा वाळविला तरी विष जात नाही. बेटांवरील लोकांनी आपल्या परीने परीक्षा शोधल्या होत्या. माशावर माशी बसत नसेल तर तो विषारी समजावा, भांड्यात चांदीचे नाणे टाकावे आणि ते काळे पडले तर मासा टाकून द्यावा, असे ते सांगत. ह्यांपैकी एकही परीक्षा खरी नाही. शिवाय एकाच जातीचा मासा बेटाच्या एका अंगास निर्धोक आणि दुसऱ्या अंगास विषारी, असाही प्रकार आढळे. ज्या बेटांवर शेती थोडी आणि गुरे त्याहून थोडी, तेथे माणसाला आपल्या दारातील समुद्राचेच भय वाटू लागावे, ही लहानसहान आपत्ती नव्हे.

ह्या कोड्याची गाठ सैल करणारा मनुष्य वैद्य नव्हता की विषशास्त्रज्ञही नव्हता. पोवळ्यांच्या खडकांत राहणाऱ्या माशांना ओळखणे, त्यांना नावे देणे आणि ते काय खातात हे पाहणे, एवढाच त्याचा उद्योग होता. त्याचे नाव जॉन अर्नेस्ट रँडल.

रँडल यांचा जन्म २२ मे १९२४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजल्स येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात होते. युद्ध संपल्यावर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजल्स येथील शाखेत प्राणिशास्त्राचा अभ्यास केला व १९५० साली पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी जे केले ते आपल्याकडील पालकांना फारसे रुचले नसते. ‘नानी’ नावाचे सदतीस फूट लांबीचे शिडाचे जहाज घेऊन हा पदवीधर तरुण लॉस एंजल्सहून हवाई बेटांकडे निघाला. हवाईच्या विद्यापीठात पुढील शिक्षण घ्यावयाचे आणि जेथे मासे आहेत तेथेच राहावयाचे, हा त्याचा हेतू होता. तेथे १९५१ साली हेलन औ ह्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या काही संशोधनलेखांवर पतिपत्नी दोघांचीही नावे आहेत.

पोवळ्यांचे खडक म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पोवळे हा दगड नव्हे, ती वनस्पतीही नव्हे. सूक्ष्म प्राणी स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात आणि मरताना ते मागे ठेवतात. त्यावर पुढच्या पिढीचे घर उभे राहते. अशा अगणित पिढ्यांच्या घरांची जी भिंत बनते तीच प्रवाळभिंत. उष्ण, उथळ आणि नितळ पाण्यात ती वाढते. तिच्या कपारींतून माशांची जेवढी विविधता नांदते, तेवढी समुद्रात अन्यत्र क्वचितच दिसेल. मालवणच्या किल्ल्याभोवतालच्या खडकांवरही पोवळ्यांची लहानशी वस्ती आहे; परंतु लक्षद्वीप, मालदीव वा पॅसिफिकमधील बेटे यांच्याभोवती तिचे जे वैभव दिसते त्याची कल्पना तेवढ्यावरून यावयाची नाही.

डॉक्टरेटसाठी रँडल यांनी एक अगदी सामान्य मासा निवडला. हवाईचे लोक त्याला ‘मनिनी’ म्हणतात. त्याच्या फिकट अंगावर काळे उभे पट्टे असल्यामुळे इंग्रजीत त्याला कैद्याची उपमा मिळाली आहे. त्याच्या कुळातील माशांच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस एकेक धारदार काटा असतो, म्हणून ह्या कुळाला सर्जन मासे असे म्हणतात. हा मासा दुर्मिळ नाही आणि दिसावयासही भव्य नाही; तेथील मुले तो रोज पाहतात. परंतु त्याच्या बाललीला पाहू जाता एक अद्भुत प्रकार दिसला. अंड्यातून निघालेले पिल्लू सुमारे अडीच महिने भर समुद्रात तरंगत राहते आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांवर पोट भरते. मग रात्रीच्या अंधारात ते किनाऱ्याशी येऊन खडकांतील डबक्यांत शिरते. त्या वेळी ते काचेसारखे जवळजवळ पारदर्शक असते. पुढील चार-पाच दिवसांतच त्याच्या अंगावर पट्टे उमटतात, आणि त्याचे आतडे लांबच लांब होते, कारण आता त्याला शेवाळावर जगावयाचे असते. आपण वर्गात बेडूकमाशाचा बेडूक होताना दाखवितो. तेथे वनस्पती खाणारा जीव मांसाहारी होतो आणि आतडे आखूड होते. येथे नेमके उलट घडते. ह्या अभ्यासावर त्यांना १९५५ साली डॉक्टरेट मिळाली.

आतडे पाहून आहार ओळखावा आणि आहार पाहून जीवनक्रम ओळखावा, ही दृष्टी त्यांना येथे लाभली व ती अखेरपर्यंत सुटली नाही. १९५८ साली त्यांनी अन्य माशांच्या अंगावरील परजीवी कीटक टिपून खाणाऱ्या लहान माशांच्या एका गटाचा आढावा प्रसिद्ध केला. मोठमोठे हिंस्र मासे ह्या इवल्या माशांपुढे तोंड वासून स्वस्थ उभे राहतात आणि हे त्यांच्या जबड्यात, कल्ल्यांत शिरून सफाई करतात. गुरांच्या अंगावरील गोचिड्या टिपणारा बगळा खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. तसाच हा व्यवहार. हवाईतील जातीला रँडल यांनी जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच ‘उवा खाणारा’ असा आहे. पुढे १९६० साली पतिपत्नींनी मिळून माशांमधील सोंगांविषयी लिहिले. सफाई करणाऱ्या माशासारखाच रंग आणि तशीच नाचरी चाल असलेला एक तोतया मासा आहे. भाबडा गिऱ्हाईक मासा जवळ आला की तो सफाईऐवजी त्याच्या परांचा लचका तोडतो.

परंतु मुख्य विषय विषाचा. डॉक्टरेट मिळाल्यावर १९५५-५६ साली रँडल यांना सोसायटी बेटांवर, म्हणजे ताहिती व तिच्या आसपास, संशोधनासाठी राहावयास मिळाले. तेथे सिग्वाटेरा ही रोजच्या व्यवहारातील गोष्ट होती. कोणत्या खडकावरचा कोणता मासा खाऊ नये, ह्याची प्रत्येक कोळ्याची स्वतःची यादी असे. रँडल यांनी ह्या याद्या अज्ञान म्हणून झिडकारल्या नाहीत. आपल्याजवळील माशांच्या आहाराच्या माहितीशी त्या ताडून पाहिल्या. तेव्हा एक रचना दिसू लागली. भर समुद्रात तरंगते सूक्ष्म जीव खाऊन राहणारे मासे सहसा विषारी नसत. विषारी आढळत ते खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारे काही मासे, आणि त्याहून अधिक म्हणजे त्या माशांना खाणारे मोठे शिकारी: हेकरूच्या जातीचे, तांबोशीच्या कुळातील, वामेसारखे लांबट. सर्जन माशांच्या कुळातील एक मासा तर विशेष बदनाम होता. त्याचे दात कंगव्यासारखे बारीक असतात आणि तो खडकावरचा मऊ, सूक्ष्म थर हुंगल्यासारखा ओढून घेतो. जाड शेवाळ त्याला तोडताही येत नाही.

ह्यावरून त्यांनी तर्क बांधला. विष माशाच्या शरीरात निर्माण होत नाही. ते तळाच्या खडकावर वाढणाऱ्या कोणत्यातरी अतिसूक्ष्म जीवात आहे. शाकाहारी मासा तो गिळतो, शिकारी मासा असे शेकडो मासे गिळतो, आणि थेंब थेंब साचत मोठ्या माशाच्या अंगी एवढे विष जमते की माणसाला बाधावे. विष तळाशी आहे, म्हणून ते जागेला बांधलेले आहे आणि एक खडक विषारी व शेजारचा निर्धोक असू शकतो. वादळाने पोवळी मोडली, बंदरासाठी खडक फोडला वा जहाज बुडाले, म्हणजे नवी उघडी जागा तयार होते. तेथे पहिल्याप्रथम वस्ती करणाऱ्या जीवांतच हा अपराधी असावा. पुष्कळ ठिकाणी अशा घटनांनंतरच मासे विषारी झाल्याचे कोळी सांगत, त्याचाही अर्थ ह्यावरून लागत होता.

१९५८ साली हा लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच त्यांनी आपल्या उपपत्तीला ‘तात्पुरते स्पष्टीकरण’ म्हटले. ह्या दोन शब्दांकडे विज्ञान शिकविणाऱ्याने लक्ष द्यावे. हातात तो जीव नव्हता, विषही नव्हते. होता तो केवळ कोण कोणाला खातो ह्याचा हिशेब. तेव्हा जेवढे ठाऊक तेवढेच ठामपणे सांगावे आणि उरलेले तर्क म्हणून मांडावे, हे त्यांनी केले.

पुढची काही वर्षे त्यांची अटलांटिकच्या बाजूस, कॅरिबियन समुद्रात गेली. प्रथम मायामी विद्यापीठाकडून आणि नंतर प्वेर्तो रिकोच्या विद्यापीठातून त्यांनी काम केले. ह्या काळातील प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहेत, कारण त्यांना लागलेले साहित्य कोणत्याही गवंड्याजवळ मिळेल.

पहिला प्रयोग हवाईतीलच होता आणि तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. पोवळ्यांच्या खडकांवर शेवाळ फारसे दिसत नाही. का दिसत नाही? तेथे ते उगवतच नसेल, किंवा उगवताच कोणी खात असेल. रँडल यांनी खडकाच्या काही भागावर तारेची जाळी बसविली. पाणी व ऊन आत जाईल, मासा मात्र जाणार नाही, अशी ही योजना. काही आठवड्यांनी पाहता जाळीच्या आत शेवाळ माजलेले आणि बाहेर खडक तासून काढल्यासारखा! शेतकऱ्याच्या मुलाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुंपणाच्या आतील व बाहेरील गवत त्याने पाहिलेले असते. पोवळ्यांचे खडक शेवाळाखाली गुदमरून जात नाहीत ह्याचे एक मोठे कारण ते चरणारे मासे होत, ही गोष्ट ह्या जाळीने दाखविली. आज जगात जेथे जेथे असे मासे अतोनात पकडले गेले आहेत, तेथे प्रवाळांचे काय होते हे पाहताना ह्या साध्या प्रयोगाची आठवण अभ्यासकांना होते.

दुसरा प्रयोग व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन येथला. तेथील प्रवाळ खडकांभोवती समुद्रगवताची कुरणे आहेत. परंतु खडक आणि कुरण यांच्यामध्ये उघड्या वाळूचा एक पट्टा असतो. विमानातून पाहिले तर प्रत्येक खडकाभोवती पांढरे कडे घातल्यासारखे दिसते. गवत खाणारे मासे शिकाऱ्यांच्या भयाने खडकापासून फार दूर जात नाहीत, आसऱ्यापासून पळत परत येता येईल एवढ्याच अंतरात चरतात, म्हणून हे कडे पडते, असे रँडल यांना वाटले. पण वाटणे वेगळे आणि दाखविणे वेगळे. १९६० साली त्यांनी गवताळ तळावर इमारतीच्या कामाचे सुमारे आठशे सिमेंटचे ठोकळे रचून एक कृत्रिम खडक उभारला. मासे आसऱ्याला आले, वस्ती वाढली, आणि जेथे पूर्वी दाट गवत होते तेथे ठोकळ्यांच्या राशीभोवती हळूहळू उघड्या वाळूचे कडे पडले. तर्क खरा ठरला. सुमारे सव्वादोन वर्षांनी त्या राशीतील सर्व मासे मोजले, तेव्हा तेवढ्याच जागेतील नैसर्गिक खडकाच्या मानाने त्यांचे वजन दहापटीहून अधिक भरले. कपारी पुष्कळ आणि जवळच चराऊ कुरण, मग मासळीला आणखी काय हवे? तरीही अशी रास घालताच समुद्रात मासे वाढतात, असा निष्कर्ष घाईने काढू नये. काही मासे तेथे नव्याने वाढतात व काही शेजारून येऊन केवळ गोळा होतात. ह्या दोहोंचे प्रमाण किती, हा वाद शास्त्रज्ञांत पुढे दीर्घकाळ चालला.

मासे मोजण्यासाठी व गोळा करण्यासाठी ते रोटेनोन नावाचे द्रव्य वापरीत. काही वनस्पतींच्या मुळांतून ते निघते आणि माशांचा श्वास कोंडते. सह्याद्रीतील डोहांत रामेठ्याची साल ठेचून टाकतात, त्याच तऱ्हेची ही रीत. कपारीत दडलेले लहान मासे हाती येण्यास त्या काळी तिच्याइतका उपयोगी उपाय नव्हता, हे खरे. परंतु हवा तो आणि नको तो, दोन्ही मासे तिच्याने मरतात, हेही तितकेच खरे. आज पुष्कळ देशांत तिच्यावर निर्बंध आहेत, आणि ते असणे योग्यच म्हटले पाहिजे. गोळा केलेला प्रत्येक मासा तपासला जाई, एवढे मात्र रँडल यांच्या बाजूने सांगता येते.

ती तपासणी म्हणजे त्यांच्या कष्टांचा कळस होय. वेस्ट इंडीजच्या प्रवाळ माशांचा आहार ह्या विषयावर त्यांनी १९६७ साली जो ग्रंथतुल्य लेख प्रसिद्ध केला, त्यासाठी २१२ जातींच्या ५,५२६ माशांची पोटे त्यांनी उघडून पाहिली होती. पोटात काय सापडते? अर्धवट पचलेला लगदा, खेकड्याच्या पायाचे एक पेर, गोगलगाईच्या कवचाचा तुकडा, शेवाळाचा धागा, चुन्याची भुकटी. प्रत्येक तुकडा कोणत्या प्राण्याचा, हे ठरवावयाचे, त्याचे प्रमाण नोंदावयाचे, आणि पुढचा मासा घ्यावयाचा. ह्या कामात चमत्कार नाही आणि वृत्तपत्रांत मथळा येण्याजोगेही काही नाही. परंतु त्या समुद्राचा संसार कसा चालतो हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, तो आजही ह्या लेखापाशी येतो.

ओळख आणि नाव ह्यांचेही असेच. पोपट माशांचे उदाहरण घ्यावे. चोचीसारखे दात असलेला हा मासा पोवळ्यांचा खडक कुरतडतो, आणि त्याच्या पोटात दळलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. कित्येक बेटांच्या शुभ्र पुळणीत ह्या वाळूचा वाटा मोठा आहे. ह्या माशांत नराचा रंग हिरवानिळा झगझगीत, मादीचा तपकिरी वा तांबूस. शिवाय पुष्कळ माद्या पुढे वय वाढल्यावर नर होतात आणि त्यांचा रंग पालटतो. जुन्या पंडितांना हे ठाऊक नव्हते. संग्रहालयात आलेल्या वाळक्या नमुन्यांवरून त्यांनी नराला एक नाव दिले आणि मादीला दुसरे, जणू त्या दोन भिन्न जातीच! रँडल व इतर अभ्यासकांनी पाण्यात उतरून हे मासे एकत्र राहताना, वीण घालताना पाहिले आणि १९६३ च्या सुमारास नावांची ही गुंतागुंत पुष्कळशी सुटली. त्याच वर्षी रँडल पतिपत्नींनी पोपट माशांच्या एका जातीच्या वीण घालण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या माशांचा थवा तळापासून एकदम वर उसळतो आणि क्षणार्धात अंडी व रेत सोडून खाली परततो.

रंगाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगावयाचे. मासा मेल्यावर थोड्याच वेळात त्याचे रंग फिके पडतात आणि औषधात ठेवल्यावर तर उरतच नाहीत. रँडल मासा हाती येताच त्याचे पर टाचण्यांनी पसरून ठेवीत, ते ताठ होण्यासाठी त्यांना औषध लावीत, मग टाचण्या काढून माशाला पाण्याच्या उथळ पात्रात ठेवून वरून छायाचित्र घेत. १९६१ साली ही रीत त्यांनी लिहून सर्वांना खुली केली. अशी हजारो छायाचित्रे त्यांनी जमविली, आणि देशोदेशींच्या माशांच्या पुस्तकांत ती आढळतात.

१९६५ साली ते हवाईला परतले आणि पुढे होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाशी त्यांचे नाते जडले ते कायमचे. तांबडा समुद्र, ओमान, मालदीव, दक्षिण पॅसिफिक, सर्वत्र त्यांनी बुड्या घेतल्या व त्या त्या भागाच्या माशांवर पुस्तके लिहिली. हिंदी महासागराशी संबंध असलेल्या आपल्या देशातील अभ्यासकांनाही ती उपयोगी पडतात, कारण तांबड्या समुद्रापासून थेट पॅसिफिकपर्यंत कित्येक जाती समान आहेत. हवाईचा तो पट्टेदार मनिनी ज्या जातीचा, त्याच जातीचा मासा लक्षद्वीपच्या खडकांवरही चरताना दिसतो. ज्या माशांना त्यांनी प्रथम शास्त्रीय नाव दिले, अशा जाती ८०० हून अधिक आहेत, आणि त्यांचे लेख व पुस्तके मिळून संख्या ९०० च्या वर जाते.

दरम्यान सिग्वाटेराचा शोध इतरांनी पुढे नेला. जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकेशी यासुमोतो व त्यांचे सहकारी यांना फ्रेंच पॉलिनेशियातील गँबियर बेटांजवळ, मृत पोवळ्यांवरील शेवाळाला चिकटून राहणारा एक सूक्ष्म एकपेशीय जीव विपुल आढळला. १९७७ साली त्यांनी ही वार्ता प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी त्याला ‘गँबियरडिस्कस टॉक्सिकस’ असे नाव मिळाले. तळावर राहणारा, शेवाळासह शाकाहारी माशांच्या पोटात जाणारा, तेथून शिकाऱ्यांत साचणारा, असा हा जीव सापडण्याच्या एकोणीस वर्षे आधी रँडल यांनी केवळ पोटांच्या हिशेबावरून त्याची जागा दाखवून ठेवली होती. एका बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. अपराधी बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाच्या वर्गातील असेल असे त्यांना वाटले होते. तो निघाला निराळ्याच वर्गातील. ‘तात्पुरते’ हा शब्द त्यांनी वायफळ वापरला नव्हता.

विषाची रासायनिक रचना कळावयास १९८९ साल उजाडले. त्यासाठी वामेसारखे लांबट मासे चार हजार किलोग्रॅम गोळा करावे लागले, आणि त्यांतून शुद्ध विष निघाले ते ०.३५ मिलिग्रॅम, मोहरीच्या दाण्याहूनही कमी वजनाचे. एवढ्याशा मात्रेने माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणून चव, वास वा चांदीचे नाणे यांनी ते उमगणे शक्यच नव्हते.

हे संकट केवळ दूरच्या बेटांचे राहिलेले नाही. २०१६ साली मंगळूर येथे तांबोशीच्या कुळातील मासे खाऊन अनेकांना ह्याच तऱ्हेची बाधा झाली. प्रवाळांचे खडक जसजसे मरतात तसतशी शेवाळाला उघडी जागा मिळते, आणि समुद्राचे पाणी उष्ण होत चालले आहे. ह्या दोन्ही गोष्टींमुळे हा विकार नव्या ठिकाणी पसरेल अशी चिंता अभ्यासकांना वाटते. कोळ्याने होडीवरच मासा तपासावा अशी स्वस्त व खात्रीची परीक्षा अद्याप सर्वत्र मिळत नाही. फार मोठा शिकारी मासा टाळावा, माशाचे काळीज व आतडी खाऊ नयेत, आणि ज्या खडकाचे मासे बाधल्याचा अनुभव आहे तेथे गळ टाकू नये, एवढीच पथ्ये आजही सांगितली जातात. त्यांतले शेवटचे पथ्य ताहितीचे कोळी रँडल येण्यापूर्वीपासून पाळीत होते.

रँडल वयाच्या नव्वदीनंतरही लिहीत राहिले. २६ एप्रिल २०२० रोजी हवाईतील कानेओहे येथे, पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. निवटीच्या गोतावळ्यातील एका लहान माशाला १९७८ साली दोघा संशोधकांनी त्यांच्या नावावरून नाव दिलेले आहे. हा मासा वाळूतील बिळात एका कोळंबीबरोबर राहतो. कोळंबीची दृष्टी मंद असते. ती दिवसभर बीळ उपसते आणि आपली एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. मासा दाराशी बसून पाहत राहतो, आणि कोणी जवळ आले की शेपटी थरथरवितो.